राजधानीला लावलेली चिंच

चिंच भिजत घातली तेव्हा माझा हेतू अगदी शुद्ध होता, हे आधीच सांगून ठेवतो. (नंतर सांगायला गेलो की आमच्या घरात कोणी ऐकून घेत नाही.)

मी सेवकराम. साकोलीला बसस्टँडच्या अंगाला माझं हातमागाच्या कापडाचं दुकान आहे. बायको शोभा. तिचं माहेर करडीचं. तिचा भाऊ कमलेश तिथे धानाची शेती करतो, आणि त्याची मुलगी रिता कझाकस्तानात डॉक्टरकी शिकते. करडीतून शिकायला परदेशात गेलेली ही पहिलीच मुलगी. त्यामुळे करडीचे लोक कझाकस्तानबद्दल असे बोलतात, की तो देश तुमसरच्या थोडा पुढे, डाव्या हाताला असावा.

तर या रिताला तिकडे बक्षीस मिळालं. आस्ताना ही त्या देशाची राजधानी. तिच्या स्थापनेच्या आठवणीचं एक नाणं निघालेलं. परदेशी मुलांनी तिथल्या भाषेत त्या शहरावर बोलायचं, अशी स्पर्धा झाली, त्यात आमची रिता पहिली आली आणि कॉलेजच्या मुख्य सरांनी भर सभेत तिला ते नाणं दिलं. सुट्टीत ती घरी आली तेव्हा कमलेशनं ठरवलं की धानाची रोवणी आटोपली की करडीत पोरीचा सत्कार करायचा, आणि नाणं फ्रेममध्ये बसवून सगळ्या गावाला दाखवायचं. साकोलीचा फ्रेमवाला कामात फार साफ आहे, म्हणून रिता स्वतः येऊन ते नाणं आपल्या आत्याच्या हाती देऊन गेली.

"आत्या, डब्बीतून काढू नको हं. डब्बीसकटच फ्रेम करायची," असं ती म्हणाली म्हणतात. ती आत्याला म्हणाली. मी तेव्हा आत चहा गाळत होतो. (हा माझा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. तो आजवर कोणी मान्य केलेला नाही.)

नाणं मोठं होतं, तळहातात निम्मा तळहात व्यापेल एवढं. एका पारदर्शक प्लास्टिकच्या गोल डबीत बसवलेलं. मधोमध एक उंच निमुळता मनोरा, त्याच्या माथ्यावर सोनेरी रंगाचा गोळा, आणि भोवती तिकडची अक्षरं. त्यातला इंग्रजी 'एन' उलटा छापलेला दिसला. सरकारी काम तिकडेही असंच चालतं, हे पाहून मला बरं वाटलं.

"काय नाव सांगलं तिनं गावाचं?" शोभानं विचारलं.

"आस्ताना."

"आस्थान म्हणजे देवस्थानच असन ना? पाहा ना, वर कळस बी हाय." आणि तिनं नाणं देवघरात नेऊन ठेवलं. श्रावण चालू होता. रोज सकाळी अन्नपूर्णेला हळदकुंकू, बाळकृष्णाला हळदकुंकू आणि कझाकस्तानच्या राजधानीला हळदकुंकू, असा क्रम सुरू झाला. फ्रेमवाला काच आणायला बाहेरगावी गेलेला, त्यामुळे राजधानीचा मुक्काम आमच्या देवघरात लांबला.

एके दिवशी दुपारी शोभा भजनाला गेली. मी जेवून देवघरासमोर उभा होतो. (भक्ती नव्हे. केळं होतं तिथे.) तेव्हा माझं लक्ष नाण्याकडे गेलं. नाणं काळं पडलेलं होतं. मनोरा तेवढा चांदीसारखा, पण मागची सगळी जागा काळीकुट्ट.

आता सांगा, मी भंडारा जिल्ह्यातला माणूस. आमच्याकडची पितळेची भांडी देशभर जातात. लहानपणापासून घरातला पाण्याचा गुंड, भाजीचा गंज, कणकेची परात चकाचक घासलेली पाहत मी मोठा झालो. काळा पडलेला धातू पाहून भंडाऱ्याच्या माणसानं गप्प बसायचं? त्यातून सत्काराला सगळं गाव येणार. शोभाच्या माहेरी आधीच मला 'भाऊजी चांगले आहेत, पण...' असं म्हणतात. त्या 'पण'च्या पुढचं मला आजवर कोणी ऐकू दिलेलं नाही. म्हटलं, आज हे नाणं असं चमकवतो की तो 'पण'च कायमचा मिटून जाईल.

आणि मी चिंच भिजत घातली.

डबी काही केल्या उघडेना. नखांनी पाहिलं, दातांनी पाहिलं, शेवटी अडकित्ता आणला. डबी उघडली. म्हणजे तिचे दोन तुकडे व्हायचे होते, ते चार झाले. पण मी नाउमेद झालो नाही. चिंच, मीठ, वरून थोडी राख, आणि घास घास घासलं. काळं पाणी निघायला लागलं. मला फार आनंद झाला. मग थोडं पिवळं पाणी निघालं. मला वाटलं, जुना मळ असेल.

नळाखाली धरून पाहिलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. नाण्यावरचा गेला होता, तो बहुधा तोच असावा.

नाणं चमकत होतं, नाही असं नाही. ताटासारखं चमकत होतं. मागचा काळा रंग गेल्यामुळे मनोरा कुठे आणि आकाश कुठे ते कळत नव्हतं, आणि माथ्यावरचा सोनेरी गोळा साफ नाहीसा झाला होता. त्या जागी नुसता एक पांढरा डाग. राजधानी बोडकी झाली होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. मी नाणं बनियनच्या आत टाकलं.

शोभानं चप्पल काढता काढता देवघराकडे पाहिलं. "नाणं कुठं हाय?"

"फ्रेमवाल्याकडे देऊन आलो."

"थो त गावाले गेला होता ना?"

"आला."

"अन् चिंच काहून भिजू घातली?"

"आमटी करावी म्हटलं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी पाणीसुद्धा तापवलेलं नाही, चहा सोडला तर. शोभानं आधी माझ्याकडे पाहिलं, नंतर चिंचेकडे. मग म्हणाली, "बरं. करा मंग." आणि समोर पाट मांडून बसली. मला त्या दिवशी आमटी करावी लागली. बनियनच्या आत नाणं गार लागत होतं, बाहेर चुलीची धग, आणि शोभा सांगत होती, "मीठ कायले टाकून राहिले पुन्हा? चिंचेतच हाय ना मीठ. चिंचेत मीठ कोणं टाकलं?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी धर्मेंद्र पेंटरकडे गेलो. धर्मेंद्र आमच्या गावचा फार नावाजलेला माणूस. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळं, नाटक मंडळ्यांचे पडदे, सगळं तोच करतो. तांदळाच्या दाण्यावर माणसाचं नाव लिहून देतो. फ्लेक्स आल्यापासून त्याचं काम कमी झालंय, त्यामुळे मिळालेल्या कामावर तो जरा जास्तच जीव लावतो. हे मला तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

त्यानं नाणं उलटंपालटं करून पाहिलं. "काय होय जी हे?"

"राजधानी."

"कोणती? मुंबई का दिल्ली?"

"कझाकस्तानची. हा मनोरा आहे. याच्यावर एक गोळा होता, तो काढायचा."

"आता त काहीच नाही वरतं. काढायचा कुठून?"

"काढायचा म्हणजे रंगवायचा रे! चित्र काढायचं!"

"मंग तसं सांगा ना भाऊ. गोळा म्हणजे कसा? पाण्याच्या टाकीसारखा?"

"नाही. पिवळा. सोनेरी."

"लाडू?"

"धर्मेंद्र, राजधानीच्या मनोऱ्यावर लाडू कोण ठेवेल?"

"कळस हाय मंग," तो म्हणाला. शोभाचंही हेच मत होतं. दोन जाणकारांचं एकमत झालं म्हटल्यावर मी काय बोलणार? मी म्हटलं, "हो, कळसच समज. आणि मागचा भाग काळा कर."

संध्याकाळी गेलो तेव्हा काम तयार होतं. खोटं कशाला बोलू, सुरेख होतं. मागे काळं आकाश, त्यात धर्मेंद्रनं आपल्या मनानं दोन चांदण्या टाकलेल्या. गोळा असा टपोरा सोनेरी, की बोट फिरवलं तर हाताला लागावा. फक्त गोळ्यावर त्यानं एक भगवा झेंडा लावला होता.

"हा कुठून आला?"

"वरतं मोकळं मोकळं दिसत होतं जी. कळस म्हटला का झेंडा पायजेच."

"अरे, पण तिथे झेंडा नाही!"

"मंग लावाले पायजे होता त्याइनं."

मी म्हटलं पूस. त्यानं टर्पेंटाइननं झेंडा पुसायला घेतला, तर गोळाही निघायला लागला. "राहू दे, राहू दे!" मी ओरडलो. त्यानं गोळा पुन्हा रंगवला, आणि झेंडा थोडा आखूड केला. आता तो नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हता. उलटा 'एन' सुलटा करून देऊ का, असंही त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. (या सगळ्या प्रकरणात मी घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय. त्याची कुठेही नोंद नाही.)

माझा चष्मा दुकानात राहिला होता. म्हणून नाण्याच्या खालच्या कडेला काय नवीन आलंय, ते मला दिसलं नाही.

फ्रेमवाला काच घेऊन परत आल्यावर त्यानं डबीशिवायच, पण छान फ्रेम बनवली. निळी मखमल, सोनेरी पट्टी, वर काच. मी ती तिथल्या तिथेच वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरी बांधली आणि घरी आणली.

"दाखवा," शोभा म्हणाली.

"आता सत्काराच्या वेळीच उघडायची. नाहीतर शोभा जाते त्याची."

"शोभा मी हाय. माझी काय जाते?"

"अवो, अनावरण म्हणतात त्याला! मंत्री लोक करतात तसं."

तिनं फ्रेम हातात घेतली, वजन बघितलं, हुंगली. "रंगाचा वास येऊन राहिला."

"नवीन फ्रेम आहे ना. वॉर्निश."

"बरं," ती म्हणाली आणि फ्रेम माझ्या हातात दिली. शोभा लगेच 'बरं' म्हणाली की मला जास्त धास्ती वाटते.

सत्काराच्या दिवशी करडीच्या समाजमंदिरात माणूस मावत नव्हता. रोवणी झालेली, अंगाचा चिखल धुऊन सगळी मंडळी निवांत आलेली. अध्यक्ष होते पुंडलिकराव. निवृत्त मुख्याध्यापक, गळ्यात तुळशीची माळ, श्रावणात एक वेळ जेवणारे. रिता साडी नेसून खुर्चीत बसली होती, लाजत होती आणि दर थोड्या वेळानं माझ्या मांडीवरच्या पुडक्याकडे बघत होती. जावई म्हणून मलाही मंचावर खुर्ची होती. हा मान मला त्या घरात पहिल्यांदाच मिळत होता. बसायला काही फार सुख वाटलं नाही.

कमलेशनं भाषण केलं. पोरीला पाठवताना लोक काय काय म्हणाले, तिथे बर्फात ती पहिल्या वर्षी कशी रडायची, फोनवर आई तिला भाजीची फोडणी कशी सांगायची, हे सगळं त्यानं एकेक करून सांगितलं. "अन् माह्या पोरीनं त्याइच्या राजधानीवर त्याइच्याच भाषेत भाषण देलं," तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. मला तिथून उठून थेट साकोलीला पळावंसं वाटलं. पण पुडकं माझ्याच मांडीवर होतं.

पुंडलिकरावांनी दोरी सोडली, कागद काढला आणि फ्रेम वर धरली. लांबून फारच छान दिसत होती. पुन्हा टाळ्या. मला वाटलं, निभावलं.

पण पुंडलिकराव मास्तर. मास्तर माणसाला वस्तू वाचल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"अहाहा! उंच मंदिर आहे. वर सुवर्णाचा कळस. आणि पाहा मंडळी, कळसावर चक्क भगवी पताका आहे! एवढ्या लांब!" त्यांनी फ्रेम भक्तिभावानं कपाळाला लावली. पुढच्या रांगेतल्या बायांनी तिथूनच हात जोडले. रिताच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"खाली त्यांच्या भाषेत काही मजकूर आहे," पुंडलिकराव पुढे वाचू लागले. "नाही. मराठीतच आहे की! ध... धर्मेंद्र... पेंटर... साकोली. आणि हा मोबाइल नंबर."

कमलेशनं पुढे होऊन, काचेला नाक लावून ते स्वतः वाचलं.

"फोन लावा," कमलेश म्हणाला. नंबर वाचून कुणीतरी फोन लावला आणि माइकसमोर धरला. मी डोळे मिटून घेतले.

"हालो! धर्मेंद्र पेंटर बोलून राहिलो!"

"हे नाण्याचं काम तुमीच केलं का?" कमलेशनं विचारलं.

"हो जी, मीच! आवडलं का? सेवकरामभाऊ घेऊन आले होते. त्याइनं चिंचेनं घासून पार बोडकं करून टाकलं होतं जी. मीच थे वाचवलं. अन् झेंडा थोडा आखूड झाला, त्यात माही गलती नाही. भाऊच म्हणले का दिसाले नाही पायजे."

मी डोळे उघडले तेव्हा सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. कमलेशचा चेहरा लालबुंद झाला होता. शोभा बायकांच्या रांगेत बसली होती. ती मात्र अजिबात चकित झालेली दिसली नाही. ती फक्त म्हणाली, "आमटी," आणि मान हलवली.

रितानं फ्रेम पुंडलिकरावांच्या हातून घेतली. काचेवरून बोट फिरवलं. तिची मान खाली होती आणि खांदे हलत होते. परक्या देशात, परक्या भाषेत, एकटीच्या हिमतीवर पोरीनं जे मिळवलं, ते मी मोरीत बसून घासून काढलं होतं. मी उठून तिच्याजवळ गेलो. "रिता, बेटा, माझी चूक झाली..."

तिनं मान वर केली. पोरगी हसत होती. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं.

"फुफाजी, तुम्हाला माहीत आहे का, हा गोळा काय आहे?"

"कळस."

"अंडं आहे."

"काय?"

"अंडं! तिकडची जुनी गोष्ट आहे. एक मोठं झाड, त्याच्या शेंड्यावर एक अद्भुत पक्षी दरवर्षी सोन्याचं अंडं घालतो. त्याच्यावरून तो मनोरा बांधलाय. आणि तुम्ही अंड्यावर झेंडा लावला!"

माइक चालू होता. हे सगळ्यांनी ऐकलं. पुंडलिकरावांचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि ते उपरण्यानं कपाळ पुसायला लागले. हात जोडलेल्या बायांनी हात सोडले.

"मायबाई!" शोभा उभी राहिली. आता मात्र ती चकित झाली होती. "श्रावणाच्या महिन्यात मी अंड्याले हळदकुंकू वाहून राहिली होती?"

मग जो हशा उसळला तो थांबेना. कमलेशही हसायला लागला. थोडा उशिरा आणि थोडा नाइलाजानं, पण हसला. फोनवर धर्मेंद्र अजून होता. तो ओरडून विचारत होता, "अंडं होय का? मंग पांढरं करून देऊ का जी?"

रिता मला म्हणाली, "राहू द्या फुफाजी. तिकडे सगळ्या मुलींकडे बक्षिसं आहेत. साकोलीचा फोन नंबर असलेलं कोणाकडेच नाही." आणि ती फ्रेम तशीच बॅगेत घालून घेऊन गेली. पोरगी मोठ्या मनाची आहे. डॉक्टर चांगली होईल. पण मंचावरून उतरताना कमलेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, "आमचे भाऊजी चांगले आहेत, पण..." या वेळी 'पण'च्या पुढचं सगळ्या गावानं एकदमच मनात पूर्ण केलं. मला ऐकू आलं.

धर्मेंद्रला मात्र करडीतून दोन कामं मिळाली. आता त्याच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'परदेशी कामाचा अनुभव' असं आलंय.

जाण्याआधी रिता आम्हाला भेटायला आली होती. माझ्यासाठी तिनं तिकडून एक वस्तू आणलेली, ती या गडबडीत द्यायची राहिली होती. फ्रीजला चिकटवायचा एक लहानसा बिल्ला. त्याच्यावर तोच मनोरा, तेच सोनेरी अंडं. ती तो माझ्या हातात देणार, तेवढ्यात शोभानं मधल्या मध्ये घेतला आणि फ्रीजच्या दारावर लावला.

परवा दुपारी मला तहान लागली. स्वयंपाकघरात गेलो, फ्रीजच्या दाराला हात घातला, तर मागून आवाज.

"काहो, तिथं काय करून राहिले?"

"पाणी घेतोय."

"थांबा तिथंच. मी देतो." ती पदराला हात पुसत आली, मला बाजूला सारून तिनं दार उघडलं, बाटली काढून माझ्या हातात दिली आणि दार लावलं. मग बिल्ल्याकडे एकदा नीट बघून घेतलं. "आजपासून पाणी लागलं का मले आवाज देजा. फ्रीजले हात नाही लावाचा."

"आणि तू घरी नसलीस तर?"

शोभानं थोडा विचार केला.

"शेजारी मागजा. त्याइले सांगून ठेवलं हाय."